सांगलीत बसून ओपन सोर्समध्ये शिरायचं कसं?

विश्रामबागेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो : "ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करायचंय, कुठून सुरुवात करू?" मी उलट विचारतो, "ओपन सोर्समधलं रोज काय वापरतोस?" बहुतेक वेळा समोर शांतता. घोडं तिथंच पेंड खातं. जे सॉफ्टवेअर आपण उघडूनही बघितलेलं नाही, त्यात काय सुधारायचं हे कुणीतरी बाहेरून सांगावं अशी अपेक्षा असते, आणि ते बाहेरून कुणाला सांगता येत नाही.

हा लेख त्या मुलांसाठी आहेच. पण गणपती पेठेत लग्नपत्रिका जुळवणारा डीटीपीवाला, तासगावकडच्या शाळेतले संगणकाची आवड असलेले गुरुजी, बी.एससी. करून घरी काम शोधणारी मुलगी, या सगळ्यांना इथं जागा आहे. कोड येत नसला तरी. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टी फक्त तुम्हाला दिसतात, तिथून शिरा. मराठी लिहिणाऱ्या, सांगली-मिरजेत राहणाऱ्या माणसाला अशा बऱ्याच गोष्टी दिसतात.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. फुकट मिळतं ते सगळं ओपन सोर्स नसतं. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत, पण त्याचा कोड तुम्हाला बघता येत नाही. ओपन सोर्समध्ये कोड उघडा असतो आणि सोबतच्या लायसन्समुळे तो वापरायचा, बदलायचा, बदललेला पुढं वाटायचा हक्क मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, म्हणजे सगळ्यांना मोकळेपणी वापरता, बदलता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा घाट घातला. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी हौसेखातर लिहिलेलं लिनक्स, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल), लोकांपुढं ठेवलं. 'ओपन सोर्स' हे नाव पडलं १९९८ मध्ये. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन आज त्याच लिनक्सवर चालतो.

कम्युनिटी म्हणजे हे सगळं चालतं ठेवणारी माणसं. कुणी कोड लिहितं, कुणी तो तपासतं, कुणी भाषांतर करतं, कुणी नव्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसतं. काय आत घ्यायचं आणि काय नाही, हा शेवटचा शब्द मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा. काही मेंटेनरना रेड हॅट, गूगलसारख्या कंपन्या पगार देतात, पण अनेकजण नोकरी आणि घर सांभाळून रात्री हे काम करतात. हे डोक्यात पक्कं ठेवा. पुढच्या निम्म्या सूचना यातूनच निघतात.

पायरी १ : महिनाभर वापरा आणि वही ठेवा

फायरफॉक्स (ब्राउझर), लिबरऑफिस (कागदपत्रं आणि हिशेब), व्हीएलसी (व्हिडिओ) यांपासून सुरुवात करा. चित्रांचं काम असेल तर गिंप, क्रिता किंवा इंकस्केप. घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू, फेडोरा किंवा लिनक्स मिंट घ्या. ही विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची वेगवेगळी रूपं. हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच ते चालवून बघता येतं. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, एवढं तपासा, मग बसवायचं की नाही ते ठरवा. बसवण्याआधी जुन्या फाइलींची कॉपी दुसरीकडं काढून ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मग महिनाभर रोजचं काम त्यातच करा. प्रॅक्टिकलचा रिपोर्ट, सोसायटीचा हिशेब, बारशाची पत्रिका, काहीही. जिथं अडाल ते लिहून ठेवा : काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. वही कागदाची चालेल. कामं कुठून आणायची, हा प्रश्न ज्यांच्याकडं अशी वही असते त्यांना पडत नाही.

पायरी २ : एकच प्रकल्प धरा, आधी बघत बसा

वहीत ज्याच्याबद्दल जास्त लिहिलंय तो प्रकल्प घ्या. त्याच्या कोडच्या घरात (गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग, किंवा प्रकल्पाची स्वतःची जागा) रीडमी नावाची फाइल असते, ती पूर्ण वाचा. बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची दुसरी असते. नव्या माणसानं काम कसं पाठवायचं ते तिथं लिहिलेलं असतं, आणि नवा माणूस नेमकी तीच वाचत नाही. लायसन्सची फाइल बघा. लायसन्स नसेल तर कोड दिसत असूनही ते ओपन सोर्स नव्हे.

प्रकल्प जिवंत आहे का, हे शितावरून ओळखता येतं. शेवटचा बदल कधी झाला? बाहेरच्या लोकांनी पाठवलेल्या अलीकडच्या बदलांवर कुणी काही बोललंय का? सहा-सहा महिने उत्तर नसेल तर प्रकल्प कितीही नावाजलेला असो, नव्या माणसानं तिथं दार वाजवत बसू नये.

मग ही माणसं बोलतात कुठं ते शोधा. प्रत्येकाची रीत वेगळी. लिनक्स कर्नलचं काम आजही मुख्यतः ईमेलवर चालतं. काही प्रकल्प मॅट्रिक्सवर, काही झुलिपवर, काही डिस्कॉर्डवर, जुनी मंडळी आयआरसीवर. तिथं जा आणि एखादा पंधरवडा नुसतं वाचा. तालमीत आलेला नवा पोरगा पहिल्याच दिवशी वस्तादाला जोड लावत नाही. माती उकरतो, कोण कसा लढतो ते बघतो. त्या पंधरवड्यात कोण कशाचं बघतो, कोणता विषय काढला की सगळे वैतागतात, कोणता प्रश्न रोज येतो, हे कळतं. रोज येणाऱ्या त्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या नव्या माणसाला तुम्ही दिलंत, तर कम्युनिटीत तुमचं काम सुरू झालं म्हणायचं.

ऑनलाइन बैठकांच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेल्या असतात. त्यात साडेपाच तास मिळवा. १५:०० यूटीसी म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. युरोपातल्या प्रकल्पांची गंमत अशी की मार्चच्या शेवटी तिकडची घड्याळं तासभर पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटी मागं येतात. त्यांच्या घड्याळाप्रमाणं ठरलेली बैठक उन्हाळ्यात आपल्याला एक तास आधी पडते.

पायरी ३ : जे फक्त तुम्हाला दिसतं

इथं जरा जास्त थांबतो, कारण सांगली-साताऱ्याकडच्या माणसाचं भांडवल इथंच आहे.

पहिली गोष्ट लिपीची. 'दुसऱ्या' या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढं 'झीरो विड्थ जॉइनर' नावाची न दिसणारी खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरं. त्यामुळं एकानं एका कीबोर्डवर टाइप केलेला 'दुसऱ्या' दुसऱ्यानं दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडत नाही, असं होऊ शकतं. 'ॲप'मधल्या ॲचं तेच. यासाठी युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे, पण साध्या अ वर चंद्र देऊनही हुबेहूब तसंच दिसणारं रूप तयार होतं. मग याद्या लावताना एक ॲप इकडं आणि दुसरं तिकडं जातं. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरनं फॉन्टला सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. बर्लिनमध्ये बसलेल्या प्रोग्रामरला यातलं काहीही दिसणार नाही. पत्रिका जुळवणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं.

असं काही सापडलं की बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, नोंदवायचा. आधी शोधून बघा, कुणी आधीच नोंदवलाय का. असेल तर त्याच नोंदीखाली तुमची आवृत्ती आणि एखादं नवं उदाहरण लिहा. नसेल तर नवी नोंद करा. ती साधारण अशी दिसावी (मी मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीत लिहा) :

"शीर्षक : मराठीत ॲ असलेला शब्द शोधल्यास सापडत नाही.
आवृत्ती अमुक, उबुंटू २४.०४.
१. नवी फाइल उघडा. २. सोबत दिलेल्या फाइलमधला मजकूर चिकटवा. ३. शोधा या खिडकीत ॲप टाइप करा.
अपेक्षा : दोन्ही शब्द सापडावेत. प्रत्यक्षात : एकच सापडतो.
कारण असावं असं वाटतं : पहिल्या शब्दात एकच अक्षर आहे, दुसऱ्यात अ आणि चंद्र वेगळे आहेत. मराठी वाचणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही."

सोबत छोटी नमुना फाइल आणि स्क्रीनशॉट. शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. समोरच्याला देवनागरी येत नसते. हा खरंच दोष आहे की तुमचा हट्ट, हे त्याला त्या वाक्यावरून ठरवता येतं.

दुसरी गोष्ट भाषांतराची. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटून या जागी चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, वर्डप्रेसची स्वतःची जागा आहे. खातं काढलं की ओळी दिसू लागतात. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं रिकामी चौकट. तुम्ही लिहिलेलं आधी सूचना म्हणून जातं, मग जुना जाणता भाषांतरकार ते मान्य करतो किंवा परत पाठवतो. बसल्या बैठकीला दोनशे ओळी टाकू नका. वीस टाका, त्यांवर काय म्हणतात ते बघा. आधीच्या लोकांनी ठरवलेले शब्द पाळा, 'सेव्ह' आणि 'जतन' एकाच खिडकीत मिसळू नका. शब्दांवरून वाद घालायला पुढं भरपूर वेळ आहे.

भाषांतर दिसतं तितकं सोपं नसतं. ओळीच्या मध्ये टक्क्याचं चिन्ह आणि एखादं अक्षर येतं, तिथं सॉफ्टवेअर स्वतः आकडा किंवा फाइलचं नाव भरतं. ते चिन्ह पुसलंत तर सॉफ्टवेअर कोलमडू शकतं. इंग्रजीत आधी तीन मग दहा असा क्रम असतो, मराठीत '१० पैकी ३' असा उलटा. अशा वेळी चिन्हात क्रमांक घालून जागा बदलावी लागते. त्याची रीत प्रकल्पागणिक थोडी वेगळी, म्हणून त्यांची मार्गदर्शिका उघडून बसा. खरी डोकेदुखी लिंगाची. इंग्रजीत नुसतं 'डिलीटेड' येतं. आपल्याला कळायला हवं की काय हटवलं : फोल्डर हटवला, फाइल हटवली की चित्र हटवलं? अशा ठिकाणी अंदाजानं ठोकून देऊ नका. "ही ओळ कशाबद्दल आहे हे सांगणारी टीप कोडमध्ये घाला" अशी मागणी नोंदवा. तुमच्या या एका मागणीचा फायदा हिंदी आणि गुजरातीलाही होतो, फ्रेंचलाही होतो. भाषांतर करणारा माणूस कोडमध्ये शिरतो तो बरेचदा याच वाटेनं.

बोलायची हौस असेल तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो. सांगलीकडचा हेल घालवायचा प्रयत्न करू नका. यंत्रानं ओळखायला शिकावं ते नेमकं तेच.

तिसरी गोष्ट नकाशाची, आणि कोड न येणाऱ्याला माझी पहिली शिफारस हीच. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला. हा सगळ्यांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप घ्या. तुम्ही उभे आहात त्याच्या आसपासचे प्रश्न ते विचारतं : हा रस्ता डांबरी की मातीचा? या दुकानाची वेळ काय? उत्तर दिलं की नकाशात नोंद होते. संगणकावर बसलात तर ब्राउझरमध्येच आयडी नावाचा एडिटर उघडतो. अनेक वाड्यावस्त्यांना नकाशावर इंग्रजी नाव असतं आणि मराठी नावाचा रकाना रिकामा. तो भरा.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की कोणता रस्ता आधी बुडतो, कोणत्या वाटेनं वस्तीवर जाता येतं, हे गावकऱ्याला पाठ असतं, बाहेरून मदतीला आलेल्या माणसाला नसतं. ज्या रस्त्यावर वरचेवर पाणी येतं त्याला तशी खूण देण्याची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे. चालू असलेला पूर मात्र नकाशात काढायचा नसतो, कायमची वस्तुस्थिती तेवढी नोंदवायची. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून तिथले रस्ते काढले आणि मदतपथकांनी ते नकाशे वापरले. रस्ता चित्रावरून कुणीही काढेल. त्या रस्त्याला गावात काय म्हणतात, हे मात्र गावातल्याच माणसानं सांगावं लागतं.

एक नियम कडक आहे : गूगल मॅप्सवरून काहीही उतरवायचं नाही. नावसुद्धा नाही. तो डेटा त्यांचा आहे. स्वतः पाहिलेलं, पाटीवर वाचलेलं, किंवा एडिटरमध्येच दिलेल्या उपग्रहचित्रात दिसणारं, एवढंच.

पायरी ४ : बोलायची रीत

आपल्याकडं 'सर' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, साठीतल्या माणसालासुद्धा, आणि त्यात अनादर नसतो. 'सर' लिहिलंत म्हणून कुणी रागावणार नाही, पण समोर बाई असेल तर पंचाईत.

"नमस्कार सर, मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, मला ओपन सोर्समध्ये खूप रस आहे, कृपया मार्गदर्शन करा." या निरोपाला उत्तर काय द्यायचं? त्यात धरायला काहीच नाही. त्याऐवजी हे बघा : "मार्गदर्शिकेतली तिसरी पायरी करताना ही एरर येते, पूर्ण मजकूर खाली देतोय. पायथॉनची आवृत्ती बदलून पाहिली, फरक पडला नाही. याच एररची एक जुनी नोंद सापडली, पण ती विंडोजची आहे. पुढं काय तपासू?" हा माणूस कोणत्या कॉलेजचा, कितव्या वर्षाचा, कुणी विचारणारसुद्धा नाही. उत्तर मात्र येईल.

प्रश्न सगळ्यांसमोर विचारा, एकट्याला खासगीत गाठू नका. उघड्यावर विचारलं तर ज्याला वेळ असेल तो सांगतो आणि पुढं अडणाऱ्यालाही ते सापडतं. नुसतं 'हाय' लिहून उत्तराची वाट बघू नका, पूर्ण प्रश्न एकदम टाका. तुम्ही झोपलेले असताना समोरच्याची सकाळ होते, त्याला ते एकाच वाचनात कळलं पाहिजे.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या मुलांना फार असते. जर्मनी, ब्राझील, जपानमधल्या मेंटेनरांचीही ती शिकलेलीच भाषा आहे. छोटी वाक्यं करा. व्याकरण चुकलं तर कुणी हसत नाही, माहिती अपुरी असेल तर मात्र तुमचा निरोप तसाच पडून राहतो. एआयकडून इंग्रजी नीट करून घ्यायला माझी हरकत नाही, प्रकल्पाचा नियम आधी वाचा म्हणजे झालं. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्येच एआयनं लिहिलेला कोड घेणार नाही असं जाहीर केलं. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग एआयनं रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीरपणे वैतागलेले आहेत. वाचायला झकास, आत काहीच नाही, आणि तपासायला मात्र त्यांचा वेळ जातो. तुम्हाला स्वतःला समजलेलं नाही ते पाठवू नका.

पायरी ५ : मग कोड

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, शिकावं लागेल, त्याला पर्याय नाही. क्रम ठरलेला असतो : प्रकल्पाची आपली प्रत काढायची, म्हणजे फोर्क. ती लॅपटॉपवर उतरवायची, म्हणजे क्लोन. वेगळी शाखा काढायची, बदल करायचा, कमिट करायचा (गिटमध्ये त्याची नोंद करायची), वर ढकलायचा आणि पुल रिक्वेस्ट लावायची, म्हणजे माझा बदल आत घ्या अशी विनंती करायची. सांगलीच्या वॉलचंद किंवा साताऱ्याच्या कोणत्याही कॉलेजातला वरच्या वर्गातला मुलगा हे एका दुपारी शिकवेल, म्हणून इथं लांबवत नाही. बदल करण्याआधी मूळ प्रकल्प आपल्या मशीनवर चालवून दाखवणं हेच अनेकदा निम्मं काम असतं. त्यात मार्गदर्शिकेची एखादी पायरी चुकीची किंवा जुनी सापडली, तर ती दुरुस्त करणं हा उत्तम पहिला बदल.

'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं नव्यांसाठी ठेवलेली असतात. त्याखाली "मला असाइन करा" असं लिहून महिनाभर गायब होणाऱ्यांची रांग दिसेल. तुम्ही आधी दोष स्वतःच्या मशीनवर घडवून बघा, मग "मला हा दिसला, कारण या फाइलमध्ये असावं, असा बदल करून बघतोय" असं लिहा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. जाता जाता दुसऱ्या फाइलीतली मोकळी जागा नीट करू नका.

आकड्यांच्या मागं लागू नका. ओपन सोर्सला बदल पाठवणाऱ्यांसाठी ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो. २०२० मध्ये त्यात टीशर्ट मिळावा म्हणून लोकांनी रीडमीत एखादा शब्द घुसवून हजारो फालतू पुल रिक्वेस्ट पाठवल्या. शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी होकार दिला तेवढेच धरले गेले. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पावर अशीच लाट आली. एका शिकवणीच्या व्हिडिओत नमुना म्हणून दाखवलं ते बघून मुलं त्याच्या रीडमीत आपापली नावं लिहून पाठवत होती. त्यात आपल्याकडची मुलं भरपूर होती. शिकायला म्हणून सराव करायचा तर स्वतःच्या खात्यात रिकामा प्रकल्प काढा, तिथं हवा तेवढा गोंधळ घाला.

तपासणी सुरू झाली की काही आखूड शब्द येतात. 'निट' म्हणजे किरकोळ सूचना, तिच्यावरून अडणार नाही. 'एलजीटीएम' म्हणजे मला ठीक वाटतंय. लाल फुली दिसली तर आपोआप चालणारी चाचणी नापास झालीय, तिचा तपशील उघडून शेवटच्या ओळी वाचा. दहा सूचना आल्या म्हणजे अपमान झाला असं नाही, तुमचं काम कुणीतरी मन लावून वाचलंय. काही प्रकल्प प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ मागतात. हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला हक्क आहे, असा तो जाहीरनामा. आणि लक्षात ठेवा, कमिटमध्ये तुमचा ईमेल पत्ता कायमचा जगजाहीर होतो. गिटहब त्यासाठी वेगळा, लपवणारा पत्ता देतं, तो आधीच सेटिंगमध्ये लावून टाका.

पायरी ६ : वाट बघणं

आठवडा-दोन आठवडे काहीच उत्तर नाही, असं होतं. मग एकदा सौम्यपणे आठवण करा आणि तोवर दुसरं काम बघा. रोज "कधी मर्ज करणार?", म्हणजे माझा बदल आत कधी घेणार, असं विचारू नका. असा तगादा मेंटेनरांना खटकतो, याला ताजं कारण आहे. एक्सझेड नावाचं छोटं साधन बहुतेक लिनक्समध्ये असतं. ते एकच माणूस मुख्यतः फावल्या वेळात सांभाळत होता. काही अनोळखी नावांनी त्याच्यावर कामाला उशीर होतो म्हणून दबाव आणला, आणि दोनेक वर्षं व्यवस्थित काम करून विश्वास कमावलेल्या एका मदतनिसाच्या हाती अधिकार गेले. त्यानं आत चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि ते उघडकीला आलं. त्यानंतर घाई करणाऱ्या अनोळखी माणसाकडं सगळेच जरा रोखून बघतात.

पायरी ७ : जवळची माणसं

पडद्यावरची ओळख पुरत नाही. वॉलचंद कॉलेजमध्ये वॉलचंद लिनक्स यूजर्स ग्रुप हा विद्यार्थ्यांचा जुना गट आहे. दुसऱ्या कॉलेजात असाल तरी त्यांच्या मुलांना गाठा, खुल्या कार्यशाळा कधी आहेत ते विचारा. पुण्यात प्लग, म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. फॉस युनायटेड ही संस्था पुण्यासह अनेक शहरांत भेटी घेते. वर्डप्रेसवाल्यांचे वर्डकॅम्प कोल्हापुरातही झालेत. सांगलीहून सकाळी निघून संध्याकाळी परत. केरळात २००२ च्या सुमारास स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग नावाचा गट उभा राहिला. मलयाळमचे फॉन्ट, टायपिंगची साधनं, भाषांतरं असं बरंच काम त्यांनी मिळून केलं. सुरुवातीला तीही थोडीच माणसं होती.

चारजण मिळाले की महिन्यातून एका रविवारी बसा. व्याख्यान ठेवू नका. एक वक्ता आणि बाकीचे मोबाइलवर, असं होतं. एक काम ठरवा. पहिल्या बैठकीला नकाशाची फेरी सोपी पडते. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत जा, तंतुवाद्यांची दुकानं नकाशावर आहेत का बघा, नसतील तर दुकानदाराला विचारून नाव आणि वेळ नोंदवा. लोकांच्या घरांवर त्यांची नावं घालू नका. उन्हाच्या आत फेरी संपवा, मग कुणाच्या तरी घरी भडंग-चहावर बसून नोंदी तपासा. दुसऱ्या खेपेला जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स बसवा. त्यासाठी आदल्या रात्रीच फाइली उतरवून पेनड्राइव्ह तयार ठेवा, कारण पाचजण एका हॉटस्पॉटवर चार-चार जीबी उतरवायला लागले की दिवस संपतो. एक्स्टेंशन बोर्ड हवाच.

पैशांचं काय?

घरचे विचारतातच. गूगल समर ऑफ कोड हा मार्गदर्शकाच्या हाताखाली ओपन सोर्सचं काम करायचा उपक्रम २००५ पासून चालतो. निवड झाली तर मानधन मिळतं, आणि २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. आउटरीची आणि लिनक्स फाउंडेशनचं मेंटरशिप हेही बघा. समर ऑफ कोडमध्ये कोणते प्रकल्प आहेत त्याची यादी साधारण फेब्रुवारीत येते आणि अर्ज त्यानंतर काही आठवड्यांत भरायचे असतात. यादी लागल्यावर चॅटमध्ये नव्या नावांची झुंबड उडते, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीतच प्रकल्प धरलेला बरा. अर्जात त्या प्रकल्पातली तुमची आधीची कामं दाखवा, गुणपत्रिका नको.

नोकरीला लागला असाल तर ऑफर लेटर एकदा नीट वाचा. तुम्ही लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, अगदी घरी बसून लिहिलेलासुद्धा, असं कलम काही ठिकाणी असतं. तसं असेल तर आधी मॅनेजरकडून ईमेलवर परवानगी घ्या आणि तो ईमेल स्वतःकडं जपून ठेवा.